झोंडवाचा डोंगर

आईस दुरून नमस्कार.

मी ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? इथे मक्याची लापशी मिळते, पण एकट्याला घशाखाली उतरत नाही.

डोंगराचं नाव ठरवणाऱ्या जिल्हा समितीपुढे आज गरजलो, "तो डोंगर आमच्या झोंडवाचा, मोजणीला आलेल्या गोऱ्या साहेबाचा नव्हे!" अध्यक्ष हसले, "भाषण पुरे, पुढारी! गावातलं जुनं माणूस आणा. त्याच्या तोंडून नाव ऐकू द्या."

जुनं माणूस आता तूच उरलीस. आणि झोंडवा तुझे आजेसासरे. आपल्या खोसा जमातीत सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, म्हणून जन्मभर तू "त्यांचा डोंगर" म्हणत आलीस.

तरी ये. नाव घेऊ नकोस; का घेत नाहीस, तेवढं सांग. गोऱ्या साहेबासाठी कुठली सून जीभ आवरते?

तुझी वाट पाहणारा,
लुंगेलो