आधी आजा, मग नातू

सर,

काल लातूरच्या ऑफिसात सगळ्यांसमोर माझी शोभा झाली आणि त्याला कारण तुम्ही आहात. तुम्ही गेलात म्हणून मी गप्प बसणार नाही. हे ऑफिस रशियात डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्या मुलांची सोय करतं. मी तुमचा विद्यार्थी, एवढ्या एका ओळखीवर मालकांनी मला मुलांना रशियन शिकवायला ठेवलं. महिनाभर बघू म्हणाले. काल भोकरच्या एका मुलीचा तिकडून व्हिडिओ कॉल आला. खोलीतला हीटर बंद, ती आणि तिची मैत्रीण कुडकुडतायत आणि वसतिगृहाच्या बाई ऐकून घेत नाहीत. मुलीचे वडील माझ्यासमोरच बसलेले. मालक म्हणाले, "सर, बोला की तुम्ही." मी बोललो. एक विभक्ती चुकली नाही. मुली दोन आहेत म्हणून द्विवचनसुद्धा बरोबर लावलं. बाईंनी डोळे मोठे केले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि हसत सुटल्या. मुलगी म्हणाली, "सर, त्या विचारून राहिल्यात, हे पाद्री हायत का?" मग तिनंच मेसमध्ये उचललेल्या चार शब्दांत काम करून घेतलं. वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "लई भारी बोललात सर. आता त्या बाईला कळंल असं कुणीतरी बोला."

मला तुमची नांदेडची ओसरी दिसते. लहानपणी पाठशाळेत रामः रामौ रामाः घोकलेला माणूस रशियात शिकून येतो आणि स्लाव्ह भाषांतली सगळ्यांत जुनी, हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथांची, आता फक्त चर्चमध्ये उरलेली भाषा माझ्याकडून तशीच घोकून घेतो. वही नाही, अर्थ नाही. "आधी जीभ वळू दे. अर्थ जातो कुठं?" काकू चुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवतात, तो निवून जातो, तरी एक रूप चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढं अर्थ उघडला तेव्हा, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. भाऊ, आई, दोन, तीन, सगळे शब्द संस्कृतच्या शेजारघरातले. पण मी मोबाइलवर आजचं रशियन ऐकायला लागलो तर तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "ही भेसळ आत्ताच कानात नको. आधी आजा, मग नातू. ज्याला आजा कळला त्याला नातू ओळखायला काय लागतं?" कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आली तेव्हा म्हणालात, "पाठांतर मधेच तुटलं की गेलं. कागद काय, कधीही मिळतो." मी परीक्षेला बसलो नाही. आणि त्याच वर्षी स्वतःच्या नातवाला तुम्ही लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घातलंत! त्याला कागद, मला पाठांतर. त्याला का नाही म्हणालात, बस ओसरीवर? मी तेव्हा विचारलं नाही, कारण तुमच्यापुढं मान वर करायची सवयच तुम्ही ठेवली नव्हती. मग आजची भाषा सुरू करायच्या आधीच तुम्ही देवाघरी गेलात.

मालकांनी सांगून टाकलंय, "महिन्याच्या आत बोलता आलं तर थांबा, न्हाई तर तुमचं तुम्ही बघा." म्हणून आता ती भोकरची मुलगीच मला फोनवर शिकवते. एकोणीस वर्षांची आहे आणि मला रागावते. "सर, इतकं कोरून नका बोलू. हीटर मागायचाय, आरती न्हाई करायची." ती अर्थ आधी सांगते. चुकलो तर पुढं जाऊ देते. तुमच्यापेक्षा चांगलं शिकवते, हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहितोय. आज संध्याकाळपर्यंत मला चावी, पावती, गरम पाणी, सगळं मागता यायला लागलं. एकेक नवा शब्द कानावर पडला की पाठातला जुना शब्द सरकून त्याला जागा देत होता. तिला नवल वाटलं. "इतक्या लवकर? आधी कुणाकडं शिकला होता का सर?"

हा कागद तुमच्या घरी नेऊन देता येईल, तुमचा मुलगा अजून तिथंच राहतो. पण देणार नाही. तिला मी म्हणालो, "न्हाई, कुणाकडंच न्हाई."