‘निर्मनुष्य ग्रह’मधली बाई

लिहून ठेवणार : बिभीषण नाथा देवकते, वय सत्तर, धंदा मेंढपाळी व शेती, ग्रामपंचायतीचा निवृत्त शिपाई, राहणार मौजे धारमाळ, तालुका केज, जिल्हा बीड.

हा कागद मी माझ्या ओसरीवर बसून, दिवसाउजेडी, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी दम दिलेला नाही, कुणी पाजलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण वाटून द्यावे असे फारसे नव्हते. केजच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि पुढच्या वेळी मुलाला घेऊन या म्हणाले, तेव्हा मी समजायचे ते समजलो. भीती वाटली नाही. घरी येताना वडापाव खाल्ला. मला बरेच दिवस काही वाटत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितले होते. ते म्हणाले, वयाने होते तसे. हे सुरू झाले तेव्हा माझे वय सत्तावीस होते, ते मात्र मी सांगितले नाही.

ग्रामपंचायतीत जन्म गेल्याने कागदाची भाषा मला येते. तरी मध्येमध्ये माझी भाषा येईल. ती खोडू नये.

कलम १. माझे वडिलोपार्जित रान आणि त्यातली विहीर, तसेच राहते घर, पत्र्यांसह, माझा एकुलता मुलगा सोमेश्वर यास मिळावे. त्यास कोणतीही अट नाही. चौसाळ्याला हायवेवर त्याचे हॉटेल चांगले चालते, त्यामुळे तो रान कसणार नाही हे मला माहीत आहे. पडीक ठेवले तरी चालेल, विकू नये असेही मी म्हणत नाही.

कलम २. माझी बहीण जानकीबाई हिने सोमेश्वरला वाढवले. ती हयात असेपर्यंत घरातील उगवतीकडची खोली तिची. तिला चहात साखर जास्त लागते, त्यावरून कुणी बोलू नये.

कलम ३. मेंढरे सून बबिता हिने विकावीत व पैसे स्वतःकडे ठेवावेत. घोंगडी आणि लोकर कातरायची कातरही तिचीच. काठी मी माझ्या जोडीने मेंढरे चारणाऱ्या मुंजाजीला देणार होतो. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून त्याला काही नाही. तो दोन दिवस रुसेल, मग बोलेल.

कलम ४. बांधाशेजारचा सुग्रीव दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, माझ्या बाजूला जास्त घेतो. बांध आता पाय ठेवण्यापुरता उरला आहे. मी त्याला कधी बोललो नाही. भांडायला राग लागतो, तो माझ्याजवळ नव्हता. सोमेश्वरने मोजणी आणावी. सुग्रीवला माझ्या दहाव्याचे जेवण मात्र द्यावे.

कलम ५. आता पत्र्याच्या गोल डब्यांबाबत. हे डबे ज्वारीच्या कणगीमागे, गोणपाटात गुंडाळून, लिंबाच्या पाल्यात ठेवले आहेत. त्यात ‘निर्मनुष्य ग्रह’ या चित्रपटाची रिळे आहेत. हा चित्रपट एकोणऐंशी साली आमच्या माळावर काढला. पुण्याची कंपनी होती. झाड नाही, घर नाही, नुसता खडक, अशी जागा त्यांना पाहिजे होती आणि ती आमच्याकडे भरपूर होती. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, मेंढरे तिथेच चारायचो. त्यांनी मला रोजाने लावले. काम एवढेच, की कॅमेऱ्यासमोर मेंढरू किंवा माणूस येऊ द्यायचे नाही.

पुढे कंपनी बुडाली. तिचे पुण्याचे गोदाम जळाले. एक प्रत केजच्या थिएटरात पडून होती. थिएटर बंद झाले तेव्हा मालक ती भंगारात देत होता. मी दोन मेंढे देऊन ती घेतली. गाव मला हसले. दोन मेंढ्यांत त्या वेळी लुना आली असती. आता जुने चित्रपट जपणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचे अभिमन्यू नावाचे गृहस्थ सांगतात, की जगात एवढीच प्रत उरली आहे आणि हा चित्रपट अभिजात आहे. अभिजात म्हणजे काय ते मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “काका, जुना झाला तरी पुन्हा पुन्हा बघावा असा.” मग आहे.

कलम ६. वस्तू कशी आहे हे लिहून दिल्याशिवाय देऊ नये, असा माझा शिरस्ता आहे. म्हणून या चित्रपटाचे गुणदोष लिहितो.

गोष्ट अशी. एक कप्तान यानात बसून दुसऱ्या ग्रहावर जातो. बायको घरी. वर्षाने परत येईन म्हणतो. त्या ग्रहावर जीव नाही, माणूस नाही. तो परत येतो तेव्हा त्याचे वर्षच झालेले असते, इथे मात्र साठ वर्षे गेलेली असतात. बायको केव्हाच गेली.

दोष पुष्कळ आहेत. यान म्हणजे धान्याच्या दोन कोठ्या एकमेकींवर ठेवलेल्या आहेत. कप्तान झाकण उघडून बाहेर येतो तेव्हा झाकणाची कडी वाजते. यानाचा आवाज म्हणून त्यांनी केजच्या पिठाच्या गिरणीचा आवाज घेतला होता. थिएटरात लोक ओरडले, “गिरणी चालू झाली, दळण घेऊन या!” ग्रहावरचा प्राणी म्हणजे माझी एक मेंढी. मुंजाजीने आणि मी तिला निळा रंग दिला. चित्रपट काळा-पांढरा आहे हे त्यांना नंतर आठवले असावे. मेंढी मात्र पुढच्या कातरणीपर्यंत निळी राहिली. तिचे कोकरू पहिल्या दिवशी लांब उभे राहिले, मग वास घेऊन प्यायले. आकाशात घारी दिसतात. कप्तानाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला आहे. भाषणे फार आहेत.

गुण थोडे आहेत. माळ चांगला आला आहे. रोज पायाखाली होता, पण तो असा आहे हे मला पडद्यावर कळले. दुसरा गुण शेवटाचा. कप्तान आपल्या घरी जातो. तिथे दुसरीच माणसे राहतात. तो रडत नाही. दारात उभा राहून प्यायला पाणी मागतो. घरातली सून तांब्या आणून देते. तो पितो, तांब्या परत देतो आणि निघतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, हा नट कच्चा आहे. माझी बायको गेल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा वाटले, याला कुणीतरी नीट सांगितलेले आहे.

कलम ७. आता सगळ्यात मोठा दोष. कप्तान माळावर उभा राहून चहूकडे बघतो आणि म्हणतो, “इथे कुणीच नाही. मी एकटा आहे.” त्याच वेळी मागच्या टेकाडावरून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालत येते. आरामात येते. नऊवारी लुगडे, हातात पाण्याची कळशी. कप्तान एकटाच आहे म्हणत राहतो, ती येत राहते. मग कुणीतरी चित्र तोडले आहे.

एकदा जत्रेत मी ही रिळे लावून दाखवली, तेव्हा कुणीतरी पडद्यावरून हा तुकडा मोबाइलवर उतरवला. आता तो सगळीकडे फिरतो. खाली लिहितात, मंगळावरची बाई. वर हसण्याचा आवाज टाकतात. मुळात तो मंगळ नव्हता.

मी लिहून ठेवतो, की ती बाई माझी पत्नी कडूबाई बिभीषण देवकते आहे. चेहरा दिसत नाही. पडद्यावर तो ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. पण डावा पाय ती जरा उचलून टाकते आहे, कारण त्या दिवशी सकाळी बाभळीचा काटा मोडला होता आणि अर्धाच निघाला होता. लुगडे चित्रपटात काळे दिसते. ते हिरवे होते.

यात माझी चूक काढतात, म्हणून तेही लिहितो. माणूस येऊ द्यायचे नाही हे माझे काम होते. मी आदल्या दिवशीच त्यांच्या साहेबाला सांगितले होते, “सायब, ऊन डोक्यावर आलं की माझी मालकीण भाकरी घेऊन याच वाटंनं येती. दुसरी वाट न्हाई.” तो म्हणाला, उद्या नको येऊ म्हणावं. मी म्हणालो, “मग मी जेवू काय?” तो हसला आणि विसरला. त्यांना निर्मनुष्य ग्रह पाहिजे होता आणि त्यांनी तो भाकरीच्या वाटेवर मांडला. फिल्म तेवढीच उरली होती, दुसऱ्यांदा घेता आले नाही. तिच्यावर मात्र त्यांचा एक पोरगेला माणूस ओरडला, “ए बाई, हट!” त्याचे नाव मला माहीत नाही. माहीत असते तर इथे लिहिले असते.

कलम ८. गेल्या दिवाळीनंतर अभिमन्यू घरी आले. रिळांना आंबूस वास सुटला आहे. ते म्हणाले, “काका, हा वास म्हणजे फिल्म सडते आहे. दोन-तीन वर्षांत काही उरणार नाही.” संस्था ती धुऊन, दुरुस्त करून नवी करील. सोबत ते मशीनवर ती बाई पुसून टाकतील, मागे नुसता माळ राहील. तशी प्रत झाली तर चित्रपट जगात कुठेही दाखवता येईल. मी विचारले, बाई ठेवून करता येते का? ते म्हणाले, “येतं. पण मग लोक तिथं हसतात, काका. चित्रपटातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाया जातं.” माणूस वाईट नाही. त्याचे वाक्याचे म्हणणे खरे आहे.

सोमेश्वर तिथेच होता. तो म्हणाला, “काढा सायब ती बाई.” मी म्हणालो, ती तुझी आई आहे. तो उठून उभा राहिला. “म्हणूनच म्हणतोय, आबा! माझ्या हॉटेलात गिऱ्हाईक त्यो व्हिडिओ लावून खिदळतंय. एकाला मी हाणलं बी. लई झालं. सगळं जग माझ्या आईला हसतंय, तुमाला कावून काही वाटत न्हाई?”

मी म्हणालो, “हसत्यात, पण बगत्यात ना.”

“तोंड सुदीक दिसत न्हाई तिचं. मला आठवत बी न्हाई ती. कुणीबी आसंल.”

 तेव्हा बोलायला जमले नाही, म्हणून हा कागद.

तिचा फोटो नाही. बीडला जाऊन काढू म्हणत होतो. ब्याऐंशी साली ती तापाने तीन दिवसांत गेली. सोमेश्वर दोन वर्षांचा होता. पुढच्या महिन्यात तहसीलला जाऊन रेशनकार्डावरून तिचे नाव मीच कमी करून आणले. कारकुनाने रेघ मारली आणि म्हणाला, घ्या, झालं. तिथून मला काही वाटेनासे झाले आहे. तिचे नाव मी एकदा कमी करून आलो, दुसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून मी इथे अट लिहिली होती, की बाई पुसायची असेल तर रिळे कुणाला देऊ नयेत, सडू द्यावीत. ती अट मी खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. मेलेल्या माणसाच्या अटींचे काय होते हे मी पंचायतीत पुष्कळ पाहिले. शिवाय फिल्म सडली तरी ती जाणारच आहे.

तेव्हा हे डबे सोमेश्वरला मिळावेत. पुण्याच्या कागदावर सही करायची की नाही, आणि काय म्हणून करायची, हे त्याने ठरवावे. व्यवस्थापक म्हणून मी बबिताला नेमतो, कारण घरात कागद नीट ठेवणारी तीच आहे. तिने हा कागद सोमेश्वरला पूर्ण वाचून दाखवावा. तो मध्येच उठून जाईल. परत बोलवावे.

सोमेश्वर, इथून पुढे तुझ्यासाठी.

एक्क्याऐंशी साली हा चित्रपट केजला लागला. मी तुझ्या आईला घेऊन गेलो. तू तिच्या मांडीवर होतास. गिरणी चालू झाली तेव्हा तू रडलास. ती बाई टेकाडावरून आली आणि सगळे थिएटर हसले, तेव्हा तुझी आई म्हणाली, “आवं, मी हाय की ती! बगा की, घर चुकल्यागत चाललीय.” आणि पदर तोंडावर घेऊन सगळ्यांपेक्षा जास्त हसली. शेजारच्या बाईला बोट करून दाखवत होती. तिला लाज वाटली नाही. लोक हसतात तेव्हा मला तिचे ते हसणे आठवते, म्हणून मला राग येत नाही. तू विचारलेस त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे. चित्रात ती उजवीकडून येते आणि डावीकडे बघत चालते. अभिमन्यू म्हणाले, ती कॅमेरा चुकवते आहे. तसे नाही. डावीकडे, चित्राच्या बाहेर, खडकाला टेकून मी बसलो होतो. ती माझ्याकडे येत होती. ती पोहोचायच्या आत त्यांनी चित्र तोडले.

पुढचे फक्त मला माहीत आहे. तो पोरगा ओरडला, तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती आली, टोपली उतरवली, भाकरी आणि ठेचा सोडला. मी खायला लागलो. तिने पायातला काटा काढायला माझ्याकडे पाय केला आणि म्हणाली, “दिवस गेल्यात मला. आत्तीला अजून सांगितलं न्हाई. तुमालाच पयलं सांगतीय.” मी काटा काढला. मग आम्ही दोघे जेवलो.

तो तू होतास. तिला पुसायचे असेल तर पूस, माझी हरकत नाही. पण त्या टेकाडावरून दोघे येत आहेत, एवढे माहीत असू दे.

चित्रपटात ती अजून वाटेतच आहे. ती पोहोचली, म्हणून इथे लिहिले.

वरचा मजकूर मी दोनदा वाचला. त्यात खोटे काही नाही. खाडाखोड एका ठिकाणी.

सही : बिभीषण नाथा देवकते

ठिकाण : मौजे धारमाळ, ता. केज, जि. बीड
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १ : राधाकिशन, निवृत्त ग्रामसेवक, रा. केज. बिभीषणरावांनी सही माझ्यासमोर केली. शुद्धीत आहेत.

साक्षीदार २ : मुंजाजी, मेंढपाळ, रा. धारमाळ. सही माझ्यासमोर झाली. मेंढीला रंग देताना मीबी होतो. ती कडूबाईच हाय. काठी नको मला.