सहीखालची दोन टिंबं

३ फेब्रुवारी, सकाळी ७
संकल्प तीन. रोज चालणं. रागावर ताबा. कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही. तिसरा तर आमदार झाल्यापासून पाळतोच आहे.
दाराबाहेर चपलांचे एकसष्ट जोड. सगळ्यांना बदलीसाठी शिफारसपत्र हवं. सगळ्यांना दिलं. सहीखाली दोन टिंबं असली की काम करायचं नाही, हे बदली खात्यात वरपासून खालपर्यंत ठाऊक आहे. माणूस खूश, आपण मोकळे.

५ फेब्रुवारी
सुधारणेचं विधेयक येतंय. बदल्या कॉम्प्युटर करणार, आमदाराची चिठ्ठी बंद. माझा कडाडून विरोध. शेजारच्या बाकावरचे आजोबा (आठव्यांदा निवडून आलेत) तेही विरोधात. म्हणे, लांबच्या वस्तीतल्या नर्सची अडचण कॉम्प्युटरला कळत नाही, मला कळते. भाबडा माणूस.
दुपारी पक्षप्रमुखांनी खांद्यावर हात ठेवला. बाजूने जोरदार बोल, मंत्रिपदाचं बघू, म्हणाले. नीट विचार केला. सुधारणा ही काळाची गरज आहे.
शिवाय यापुढे 'कायदा आडवा आला हो' म्हणता येईल. टिंबांचेही कष्ट नकोत.

८ फेब्रुवारी
बायकोचा पुन्हा तोच विषय, तिच्या भावाची बदली. सासूबाई एकट्या, जिना उतरवत नाही त्यांना. मेहुणा पाचशे किलोमीटरवर. तीन वर्षांत मी चार पत्रं दिली.
(चारही टिंबांची. मेहुणा लोकांत फार मिसळतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.)
तिला म्हटलं, अगं, सिस्टिमच सडलेली, म्हणून तर सुधारणा. डोळे पुसत म्हणाली, तुम्ही प्रयत्न करताय म्हणून धीर आहे. जेवण अर्धं टाकून उठलो. अ‍ॅसिडिटी असावी.

१४ फेब्रुवारी
भाषण दणक्यात! 'पारदर्शकता' एकोणीस वेळा, पीएने मोजलं. विधेयक मंजूर. आजोबांनी विचारलं, कलम नऊ वाचलंस का रे? म्हटलं, वाचायचं काम विरोधकांचं, आपलं काम हात वर करायचं. हात दाखवून अवलक्षण, एवढंच पुटपुटले. हरलेला माणूस, बोलणारच.

२० फेब्रुवारी
कलम नऊ वाचलं. गेल्या पाच वर्षांतली सगळी शिफारसपत्रं वेबसाइटवर टाकणार. प्रत्येक पत्रापुढे निकालही, काम झालं की नाही.
पीए पांढराफटक. म्हटलं, घाबरतोस काय? एवढीशी टिंबं दिसतात कुणाला! म्हणाला, साहेब, मोबाइलवर मोठी करून बघता येतात.
चालणं उद्यापासून.

२ मार्च
चपला शून्य, पण अंगणात माणसं आहेत. आत येत नाहीत. मोबाइलवर दोन बोटं फाकवतात, बघतात, शेजारच्याला दाखवतात. कुणी आवाजही चढवत नाही. चहा पाठवला, तसाच परत आला. लोकांना सुधारणा पचायला वेळ लागतो.

६ मार्च
अंगण रिकामं. पीएचा फोन बंद. पक्षप्रमुख मीटिंगमध्ये, कालपासून.
आजोबांच्या दाराशी म्हणे गर्दी मावत नाही. त्यांच्या एकाही पत्राखाली टिंब सापडलं नाही. सुधारणेला विरोध करून वर हे!
बायको भावाशी फोनवर हळू बोलत होती. मी खोलीत गेलो तर तिने फोन ठेवला. चष्मा लावून बसली होती. एरवी लावत नाही.

८ मार्च
ती काहीच विचारत नाही. ताट वाढते आणि जाते. भीती वाटते आहे. उद्या सगळं कबूल करायचं. ठरलं म्हणजे ठरलं. चहाच्या आधी.

९ मार्च, सकाळी ८
उठलो तर ती आईकडे गेलेली. फ्रिजवर चिठ्ठी: 'आठ दिवसांत येते. काळजी करू नका. माझ्या मनात काही नाही.'
हुश्श! उगाच जिवाला घोर. कबुलीची आता गरज नाही. मेहुण्यासाठी नवीन पत्र देऊन टाकू, या वेळी स्वच्छ. अरे हो, आता पत्रं चालत नाहीत.

संध्याकाळी ६
चिठ्ठी पुन्हा वाचली. खाली तिची सही आहे, पूर्ण नावाची. बायको नवऱ्याला सही कशाला करेल?
चष्मा शोधला. लावला.
सहीखाली दोन टिंबं.