शुक्रवारची कोंबडी

माय, मी तुझी धाकटी. वळख लागली का? जितेपणी तव्यावर भाकर टाकून इसरायचीस, आता तर तुला मातीत जाऊन कैक वर्षं झाली. मला लिहिता येत न्हाई. मी बोलून राह्यले अन् नात लिहून राह्यली. एखादा शब्द फार शहाणा वाटला तर तो तिचा समज.

निजामाच्या राज्यातला तो एक शुक्रवार माझ्या डोक्यातून जात न्हाई. बाबा मिशनचे प्रचारक, राहतं घरही मिशनचं. तू वैजापूरकडची, फादरच्या गावातली, रोमन कॅथलिक. लग्नात तुला आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत घेतलं, जपमाळ सोडायला लावली. सोडलीस. फक्त रोमन रीतीनं शुक्रवारी मटण-कोंबडीला शिवायची न्हाईस. अंबाडीची भाजी करायचीस आणि म्हणायचीस, "आज लई कवळी मिळाली." दर शुक्रवारी बरी कवळी मिळायची.

त्या दिवशी पाद्रीसाहेब बदनापूरला गाडीतून उतरून न सांगता जेवायला आल्ते. बाबांनी कोंबडी कापली. वाढून तू चुलीपाशी बसलीस, तर साहेब म्हणतात, "बाई, तुम्हीही बसा आमच्याबरोबर. ते रोमन खूळ गेलं ना डोक्यातून?" हसतच विचारलं, पण बाबांचा घास हातातच राहिला. प्रचारकाची बायको रोमन निघाली तर नोकरी जाणार, घरही जाणार. तू पदर सावरून बसलीस, तंगडी उचललीस आणि हाडापर्यंत खाल्लीस. साहेब खूश. मागं तू भांडी घासताना बाबा हळूच म्हणाले, "देव तुला काही म्हणणार न्हाई." तू वर न बघता विचारलंस, "तुमचा का माझा?"

त्या दिवशी तू पाप केलंस की पुण्य, मला अजून उमगत न्हाई. तू गेलीस तेव्हा कबरीपाशी साहेब म्हणाले, मेलेल्यासाठी प्रार्थना करायची न्हाई, ती देवाच्या घरी पोचली. मावशी, ती अजून रोमनच, माझ्या कानात म्हणाली, "कर गं, ती सरगाच्या वाटंवर मधीच थांबलीय, तुझ्या प्रार्थनेनं पुढं जाईल." म्हणजे साहेबांच्या हिशोबानं तू कवाच देवाच्या घरी जेवायला बसलीस, अन् मावशीच्या हिशोबानं ठेसनात गाठोडं घेऊन गाडीची वाट बघून राह्यलीस. प्रार्थना करावी तर साहेब खोटे पडतात, न करावी तर तू ठेसनात. मंग मी शुक्रवारचं मटण सोडलं. ती काही प्रार्थना न्हाई, तिला कुणी मनाई केली न्हाई. तुला त्याचा काही उपयोग झाला का, ते तूच जाणे.

शुक्रवारी घरात मी सांगते, दात दुखतात. माझे दात बिलकुल धड आहेत, माय. हे लिहिताना नात माझ्या तोंडाकडं बघून राह्यली. पत्ता काय घालू, विचारते. म्हणलं, देवाच्या घरचा घालायचा का ठेसनातला ते कळू दे, तवर माझ्या उशाखाली ठेव. अन् ऊठ आता, आईला सांग, आज शुक्रवार हाय. आजीच्या ताटात कोंबडी पाठवू नको म्हणावं. अंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर पाठव. कवळी नसली तरी चालंल.