हसरा चेहरा कोणी दाबला

माय,

तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. आता बीए झाले, आपल्या घरातली पहिली. नोकरी कसली ते ऐकून तू हसशील. बायांच्या मोबाईलमध्ये मनाची विचारपूस करणारं ॲप टाकून देते. ते रोज विचारतं, आज कसं वाटलं? हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे दिसतात, त्यातला आपला दाबायचा. कोणाचा चार दिवस सारखा रडका आला, की मी तिच्या घरी जायचं, गरज वाटली तर समुपदेशक ताईंकडे न्यायचं. मी दर वेळी बजावते, "हे गुपित आहे. आपला चेहरा आपणच दाबायचा."

पण दवनीवाड्यातल्या तुझ्याच धानाच्या रोवणीच्या टोळीतल्या बाया त्या, कुठं ऐकतात! दुपारी डबे उघडले, की पिशवीत गुंडाळलेले मोबाईल बाहेर येतात आणि बांधावर पंचायत बसते. "सुनेनं भाजीत मीठ टाकलं का व आज?" "टाकलं." "मंग दाब हसरा!" मी कपाळाला हात लावते.

काळजी नव्हती ती फक्त काकूची. तुझ्या शेजारी उभी राहून रोवणारी, गाणं धरणारी काकू. लेक, सून, नातू कामासाठी परगावी गेले, घरात ती एकटी. तरी रोज हसरा चेहरा. माझ्या लेखी गावातली सगळ्यात सुखी बाई. परवा एका बाईनं तिचा मोबाईल ओढून सरळ रडका चेहरा दाबला. "दुसऱ्याचा नाही दाबायचा!" मी ओरडले. "चूप व पोरी. तुह्या मोबाईलले दिसत नाई, आमाले दिसते. आठ दिस झाले, डबा उघडते अन् तसाच झाकते. गानं तरी म्हनून राहिली का?" काकू चिडली, मग चिखलाच्या हातांनी डोळे पुसत माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "रडका दाबला त ह्या पोरीले चकरा मारा लागते. उन्हातानात सायकलनं येते. माय नाई तिले."

तू आठवलीस. सातवीत मी मोहाच्या झाडामागं लपून रडत होते, तर तू हाताला धरून बांधीत, रोवणी चालू होती त्या शेतात, आणलंस. "लपून कायले रडतेस? इथं सगळ्याइच्या पुढं रड, अन् हात चालू ठेव." किती दिवस तुझा राग होता मला. आणि मी आता त्याच बायांना गुपित शिकवत होते.

काल काकूला ताईंकडे नेलं. खूप वेळ बोलली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय, जाईन म्हणाली. येताना सायकलच्या कॅरिअरवरून ओरडते, "कंबर मोडली व! आता कोनता चेहरा दाबू?" घरी पोचल्यावर माझ्यासोबत दोनदा भात घेतला.

ॲपात 'मनातलं लिहा' असा एक कप्पा आहे. मी रोज लिहिते, असं बायांना सांगत आले. माय, ते खोटं आहे. आज पहिल्यांदा उघडला, आणि तुलाच लिहीत बसले. खाली 'पाठवा' नाही, नुसतं 'जतन करा' आहे. आजचा चेहराही दाबायचा राहिलाय. मला ठरवता येत नाही. उद्या बांधावर माझा मोबाईल काकूच्या हातात देईन.