गोचिडाचं औषध

अण्णा, आज मांजराला आंघोळ घातली आणि तुमचा असा राग आला, की ओला टॉवेल तसाच टाकून लिहायला बसले.

लातुरात आता माझ्याकडे मांजर आहे. परवा त्याला पिसवा झाल्या म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हणाल्या, "कोमट पाण्यानं खुशाल आंघोळ घाला, वरून फणी फिरवा. फक्त बैलाचं गोचिडाचं औषध लावू नका बरं. मांजर अंग चाटतं अन् मरून जातं." इतकी वर्षं मला वाटायचं, आपलं पिलू माझ्या आंघोळीनं मेलं.

चौथीत होते मी. मुदखेडजवळचं आपलं घर, अंगणात घमेलं, त्यात पिलू आणि माझा साबण. तुम्ही गोठ्यातून बघून हसताय, "काय गं, लगीन हाय का तिचं?" पिसवा काही गेल्या नाहीत, तशी तुम्हीच बैलांच्या औषधाची बाटली आणलीत आणि औषध फडक्यानं पिलाला चोळलंत. दुपारी ते थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला. दिवस मावळायच्या आत संपलं. आणि चार माणसांसमोर तुम्ही काय म्हणालात? "पोरीनं पाण्यात बुडवलं, गारठून मेलं." चैताच्या उन्हात गारठून! आत्यानं लगेच सुनावलं, मांजर मारल्याचं पाप काशीला गेलं तरी फिटत न्हाई. सासरी जाईपर्यंत भावकीत मी 'मांजरमारी' होते. तुम्ही ऐकत होतात, तंबाखू मळत होतात, एकदाही तोंड उघडलं नाहीत. औषध चोळल्यावर स्वतःचे हात मात्र तीन-तीनदा धुतलेत. तेवढी अक्कल होती. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. मी रागावणार.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरातलं सगळं लिहिलेलं मीच वाचून दाखवायची. त्या दिवशीही चोळण्याआधी तुम्ही बाटली माझ्यापुढं धरली होती. "काय लिवलंय बघ गं, मांजराला चालतं का?" पिलू हातातून निसटत होतं. मी बाटलीकडं न बघताच म्हणाले, "हाव, चालतं."