शहादेव मोटार वाइंडिंग, प्रोप्रायटर स्वतः

१७ ऑगस्ट २०१५, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढं माझ्याबद्दल कुणाला माहिती लागली तर त्यांची धावपळ नको.
शिरूरला सहकारी सोसायटीच्या गोदामात मोटार वाइंडिंगचा मोफत कोर्स निघाला. तीन महिने, दुपारचं जेवण सोसायटीचं. पाऊस न्हाई म्हणून खत कुणी उचलत न्हाई, म्हणून गोदाम मोकळं. बी.ए. झालेला मी एकटाच, बाकी दहावीला अडकलेली पोरं. शिकवायला विठ्ठलराव सर, कारखान्यातून रिटायर.
मायला सांगून टाकलं, यंदा तू ऊसतोडीला जायचं न्हाई. बाप गेल्यापासून ती मामाच्या टोळीत जाते. म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते." बघू दे.
संकल्प : रोज पाचला उठणे.

१८ ऑगस्ट
साडेआठ. झोप पूर्ण असली की हात थरथरत न्हाईत. वाइंडिंगला हे लई महत्त्वाचं.

२५ ऑगस्ट
जळालेल्या मोटारीत नवी तार भरताना तांब्याच्या तारेचे वेढे मोजावे लागतात. माझं मोजणं मधेच चुकतं, कारण डोक्यात बिझनेस. सर म्हणाले, "शहादेव, तोंड बंद ठेवून मोज." शेजारी बसणाऱ्या म्हाळूची कॉइल पास झाली. माझा पिंड मॅनेजमेंटचा आहे.

६ सप्टेंबर
व्हिजिटिंग कार्डं छापली. 'शहादेव मोटार वाइंडिंग. प्रोप्रायटर स्वतः.' नाव छापलं की माणूस मागं फिरत न्हाई. वस्तीत वाटली. शेजारच्या दगडाबाईनं कार्डावर चुना काढून ठेवला. जाहिरात अशीच घराघरात जाते.

१५ सप्टेंबर
मोठा विचार सुचला. विहिरी कोरड्या, बोअर कोरडे, मग मोटारी चालवणार कोण? आणि न चालणारी मोटार जळेल कशी? या धंद्याला फ्युचर न्हाई. माझा कोर्स बंद. सरांच्या लक्षात एवढी साधी गोष्ट आली कशी न्हाई?

१९ सप्टेंबर
कपिलधारला गेलतो. धबधब्यापाशी भज्यांचा स्टॉल टाकायचा प्लॅन. धबधबा नव्हता. कडा होता. गिऱ्हाईकही नव्हतं. दर्शन मात्र निवांत झालं.

२८ सप्टेंबर
म्हाळू घरी आला. म्हणाला, "कावून येत न्हाईस रं? जळक्या मोटारींनी गोदामात पाय ठेवायला जागा न्हाई!" पाणी खाली गेल्यामुळं मोटारी कोरड्याच फिरतात आणि जळतात. दुष्काळात जास्तच. म्हणजे माझा विचार बरोबर होता, फक्त उलटा.
उद्या जाणार. मायला सांगितलं, सुट्टी होती. तिनं माझी पिशवी खुंटीवरून काढून ठेवली.

१८ ऑक्टोबर
संधी! वस्तीच्या बोअरची मोटार जळाली. पिण्याचं पाणी तिच्यावरच. लोक ती सरांकडं न्यायला निघाले, मी आडवा झालो. कार्ड दाखवलं. माय म्हणाली, "सरांला इचार तरी." प्रोप्रायटर विचारत न्हाई.

२१ ऑक्टोबर
वाइंडिंग पूर्ण. जोडणी बरोबर आहे का ते सर दरवेळी टेस्ट लॅम्प लावून बघायला लावतात. ज्याला शंका असते त्यानं लावावा.

२२ ऑक्टोबर, दसरा
मुहूर्त चांगला होता. लोकांनी मोटार बोअरमध्ये सोडली, नारळ फोडला. सगळी वस्ती हंडे घेऊन हजर. माय सगळ्यात पुढं, ठेवणीतलं लुगडं नेसून. बटन दाबलं. मोटार फिरायच्या आत स्टार्टर खटकन पडला. परत दाबलं. खांबावरच्या डीपीत फटाका झाला आणि वस्तीची लाइट गेली.
मी म्हणालो, व्होल्टेजचा प्रॉब्लेम. मग दगडाबाई म्हणाली, "नारळाचं तरी पाणी निघालं बाबा." सगळे हसले.
माय हसली न्हाई. रिकामा हंडा डोक्यावर घेऊन घराकडं निघाली. रिकामा हंडा काखेत धरतात, तेही तिला सुचलं न्हाई.

२५ ऑक्टोबर
टँकर आला न्हाई. माय माळापलीकडून पाणी आणते. मी आणतो म्हणालो तर म्हणाली, "तू मोटार बघ."
मोटार गोदामात नेली. सरांनी खोलली. एका कॉइलची टोकं उलटी जोडली होती. "लॅम्प लावला होतास?" मी म्हणालो, लावला होता. म्हाळू खाली बघायला लागला. मग म्हणालो, न्हाई लावला.
सर रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बस. सगळी तार काढ. पुन्हा भर." म्हाळू समोर बसला आणि त्यानं तारेचं दुसरं टोक धरलं.

२८ ऑक्टोबर
पाणी आलं. नारळ कुणी आणला नव्हता.

१४ नोव्हेंबर
दिवाळी झाली. परीक्षाही झाली. म्हाळू पास. मला सर म्हणाले, पुढच्या बॅचला बस. परीक्षा घेणाऱ्याला बी.ए.वाल्यांचा राग असावा.
सकाळी मामाचा ट्रॅक्टर आला. मायनं कोयता गोणपाटात गुंडाळला आणि वर चढली. मी म्हणालो, पुढच्या साली नक्की जायचं न्हाई. ती म्हणाली, "पीठ डब्यात हाय. भाकरी करायला शीक." ट्रॅक्टर वळेपर्यंत उभा राहिलो. धुळीमुळं डोळ्यांत पाणी आलं. धूळ लई होती.

३० नोव्हेंबर
नव्या बॅचमधली पोरं मला काका म्हणतात.
कोल्हापूरकडून मायचा फोन आला. मागं मोळ्या टाकल्याचा आवाज. दम लागला होता तिला. विचारलं, "फिरली का रं तुझी मोटार?"
"फिरली," म्हणालो.
"बरं झालं बाबा," म्हणाली आणि फोन ठेवला.
फिरली ती टेबल फॅनची होती. पण वारा चांगला लागला.